फिलिंग झाले, कीड मात्र थांबेना

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांत या वेळी एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत आली आहे : दात भरून घेतले, खबरदारीही घेतली, तरी काही महिन्यांनी पुन्हा कीड. म्हणून हिरड्या आणि वेड्यावाकड्या दातांविषयीचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवले आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून शाळेत शिकवते. गेल्या सहा वर्षांत माझ्या नऊ दातांत फिलिंग झाले, त्यांपैकी दोन निघाल्यामुळे पुन्हा भरावे लागले आणि एका दाढेचे रूट कॅनाल झाले. मी दिवसातून दोनदा ब्रश करते, गोड मला मुळातच आवडत नाही, दर सहा महिन्यांनी न चुकता तपासणीला जाते आणि प्रत्येक वेळी डॉक्टर नवी कीड दाखवतात. कारण विचारले की 'ब्रश नीट करत जा' एवढेच उत्तर मिळते. दिवसभर बोलून घसा बसतो, म्हणून चघळण्याच्या गोळ्या जवळ ठेवते आणि दोन वर्षांपासून ॲलर्जीच्या सर्दीसाठी रोज एक गोळी घेते. याखेरीज कोणतेही औषध नाही. आता डॉक्टरांपुढे तोंड उघडण्याचीही लाज वाटते. त्यांच्याशी काय आणि कसे बोलावे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती आपण शेवटी, 'याखेरीज कोणतेही औषध नाही' असे म्हणून उरकून टाकली आहे. तिच्याकडे येतोच, पण आधी एका शब्दाविषयी बोलणे भाग आहे. मराठीत आपण दाताला 'कीड लागली' म्हणतो आणि धान्यातली कीड वेचून टाकावी तशी दातातली कीड कोरून काढली की प्रश्न मिटला, असे त्या शब्दामुळे नकळत वाटू लागते. दातात किडा नसतो. दातांवर साचणाऱ्या चिकट थरातील, म्हणजे प्लाकमधील, जिवाणू साखर आणि पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दाताचे खनिज विरघळते, असे बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये मांडले. त्यानंतर तपशिलात पुष्कळ भर पडली असली, तरी मूळ चौकट तीच आहे. दिसतो तो खड्डा या प्रक्रियेचा शेवटचा टप्पा होय. फिलिंगने खड्डा बुजतो, पण तो पाडणारी परिस्थिती तोंडात तशीच राहते. त्यामुळे नऊ दात भरूनही दहावा किडणे यात वैद्यकीय दृष्ट्या आश्चर्य काहीच नाही.

ही परिस्थिती मुख्यतः वेळेच्या हिशेबावर ठरते. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर प्लाकमधील आम्लता काही मिनिटांतच वाढते आणि ती पूर्ववत व्हायला अर्ध्या तासापासून तासापर्यंत वेळ लागतो, हे रॉबर्ट स्टेफन यांनी १९४० च्या दशकात मोजून दाखवले. पीएच हे आम्लता मोजण्याचे माप, आकडा जितका खाली तितके आम्ल जास्त; तो साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचे वरचे आवरण, म्हणजे एनॅमल, विरघळू लागते. तो वर आला की लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट गेलेल्या खनिजाची काही प्रमाणात भरपाई करतात. हा जमाखर्च दिवसभर चालूच असतो. आता आपल्या घशाच्या गोळ्यांकडे पाहा. चघळण्याची एक गोळी तोंडात दहा मिनिटे तरी राहते, आणि तिच्यात साखर, ग्लुकोज किंवा मध असेल तर दिवसातून पाच गोळ्या म्हणजे दाताच्या दृष्टीने पाच वेळा केलेला, आणि तोही लांबलेला, गोड खाऊ होय. 'गोड आवडत नाही' हे आपले म्हणणे पूर्णपणे खरे असू शकते, आणि तरीही आपले तोंड दिवसाचा मोठा भाग गोड असू शकते. एकूण किती साखर खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती वेळ दाताला चिकटून राहिली हे अधिक निर्णायक ठरते. स्वीडनमधील विपेहोल्म येथील संस्थेत १९४० च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून हे फार ठळकपणे दिसले : जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेने कीड थोडीच वाढली, तर दोन जेवणांच्या मध्ये दिलेल्या चिकट टॉफींनी दात भराभर किडले. (बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांना मुद्दाम टॉफी खायला घालून केलेला तो प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.)

राहिली ॲलर्जीची गोळी. या गटातील अनेक औषधे, विशेषतः जुन्या पिढीतील, लाळ कमी करतात. तोंडात दररोज साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती आम्ल पातळ करते, त्याचा जोर मारते आणि खनिज पुरवते. ती घटली की वर सांगितलेल्या जमाखर्चात जमेची बाजू लंगडी पडते. बोलता बोलता पाण्याचा घोट घ्यावा लागतो का, कोरडा घास पाण्याशिवाय गिळता येत नाही का, सकाळी उठल्यावर जीभ टाळूला चिकटलेली असते का, हे स्वतः तपासून पाहा. दवाखान्यातही काही न चघळता पाच मिनिटे लाळ एका भांड्यात जमवून मोजता येते; मिनिटाला ०.१ मिलिलिटरपेक्षा कमी लाळ येत असेल तर तोंड निश्चितपणे कोरडे आहे, असे मानले जाते. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्या डॉक्टरांनी ती दिली आहे त्यांना 'या औषधाने तोंड कोरडे पडते का आणि त्याऐवजी दुसरे देता येईल का' असे विचारा. अनेकदा घसा बसण्याचे एक कारणही हा कोरडेपणाच असतो, म्हणजे एका गोळीने दुसऱ्या गोळीची गरज निर्माण केलेली असते.

आता प्रत्यक्ष संवादाविषयी. तोंड उघडे, ओठ बधिर आणि कानाशी यंत्राची घरघर अशा अवस्थेत कोणालाही प्रश्न सुचत नाहीत, आणि सुचले तरी उच्चारता येत नाहीत. म्हणून भेटीची वेळ घेतानाच 'मला दहा मिनिटे केवळ बोलायचे आहे' असे सांगून ठेवा. जाताना सुटीचा एक दिवस धरून चार दिवसांची नोंद बरोबर न्या. तोंडात पाण्याव्यतिरिक्त जे जे गेले ते, घशाच्या गोळीसह, वेळेनिशी लिहिलेले असावे. औषधांची यादी आणि जुने एक्स-रेही न्या. मग पहिला प्रश्न 'किती दात भरायचे' हा नसून 'कीड नेमकी कुठे आहे' हा असू द्या. ती जुन्या फिलिंगच्या कडेला आहे, दोन दातांच्या मधल्या फटीत आहे, हिरडीलगत आहे, की चघळण्याच्या पृष्ठभागावरील खाचेत आहे? प्रत्येक जागा वेगळे कारण सुचवते. सर्व कीड दातांच्या मधल्या फटींत असेल तर ब्रश कितीही नीट केला तरी त्याचे केस तिथे पोहोचत नाहीत, आणि मग दोरा किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश हाच उपाय उरतो. हिरडीलगत एका ओळीत अनेक दात किडत असतील तर लाळ आणि गोड खाण्याची वारंवारता यांवर संशय जातो. आणि भरलेल्या दातांच्याच कडा किडत असतील तर भरणाविषयीही विचारायला संकोच करू नये. दातांच्या रंगाचे मिश्रण कडक होताना आकारमानाने साधारण २ ते ३ टक्के आक्रसते, शिवाय भरताना लाळ किंवा रक्ताचा ओलावा लागला तर ते नीट चिकटत नाही. हिरडीखाली खोल गेलेल्या कडेवर हे विशेष घडते. 'भरताना दात रबराच्या पडद्याने कोरडा ठेवता येईल का' हा प्रश्न उद्धटपणाचा मुळीच नाही. ती सोय १८६४ पासून वापरात आहे.

दुसरा प्रश्न असा विचारा : 'माझा धोका जास्त आहे असे धरले, तर भरण्याव्यतिरिक्त आपली योजना काय?' चांगल्या उत्तरात साधारणपणे पुढील गोष्टी येतील. फ्लोराइडचे वार्निश दर तीन ते सहा महिन्यांनी लावणे. नेहमीच्या टूथपेस्टमध्ये १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असते, त्याऐवजी काही काळ ५००० पीपीएमची चिठ्ठीवर मिळणारी पेस्ट वापरणे. घशाच्या गोळ्यांना साखरविरहित पर्याय शोधणे, आणि तोही आंबट नसलेला. जेवणानंतर लाळ सुटावी म्हणून साखर नसलेले च्युइंगगम चघळणे. (त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरला जाणारा एक गोड पदार्थ, असेल आणि घरात कुत्रा असेल तर पाकीट वर ठेवा, कुत्र्यांना ते विषारी असते.) आणि सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांनी तपासणी. असे उत्तर न मिळता पुन्हा 'ब्रश नीट करत जा' एवढेच ऐकावे लागले, तर दुसरे मत घ्यावे असे मी स्पष्टपणे म्हणेन. ब्रशसाठी आम्ही दंतवैद्य दातांच्या कण्या करतो, त्यात चूक काही नाही. परंतु सहा वर्षांत एवढे दात किडल्यावर तोच सल्ला पुन्हा देणे म्हणजे निदान टाळणे होय.

ब्रशपुरते दोनच मुद्दे सांगतो. रात्रीचा ब्रश सर्वांत महत्त्वाचा, कारण झोपेत लाळेचा प्रवाह जवळजवळ थांबतो. आणि ब्रश झाल्यावर पेस्ट थुंकून टाका, पण चुळा भरू नका. खळखळून चुळा भरल्या की कामाचे फ्लोराइड बेसिनमध्ये जाते.

प्रश्न : मी २९ वर्षांचा आहे. एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सात दात भरायला सांगितले. शंका आली म्हणून तोच एक्स-रे दुसऱ्यांना दाखवला, तर त्यांनी दोनच भरावेत आणि बाकीच्यांवर लक्ष ठेवावे असे सांगितले. लक्ष ठेवणे म्हणजे कीड वाढू देणेच नाही का? आणि या दोघांपैकी खोटे कोण बोलत आहे?

उत्तर : कदाचित कोणीच नाही. लोभापायी दात कोरणारे नाहीत असे मी म्हणणार नाही. परंतु एकाच एक्स-रेवरून दोन प्रामाणिक दंतवैद्यांचे मत वेगळे होऊ शकते, कारण प्रश्न कीड आहे की नाही एवढाच नसून ती कोणत्या टप्प्यावर आहे आणि कोणत्या टप्प्यावर हत्यार उचलावे हा आहे. सुरुवातीला पृष्ठभाग अखंड असतो आणि त्याखालचे खनिज विरळ झालेले असते. दिसण्याजोग्या जागी असेल तर तिथे खडूसारखा पांढरा डाग दिसतो. हा टप्पा थांबवता येतो, काही वेळा मागेही फिरवता येतो. एनॅमल ओलांडून आत जायला कायमच्या दातात अनेकदा काही वर्षे लागतात. पृष्ठभाग फुटून पोकळी झाली, की मात्र ती जागा साफ ठेवणे अशक्य होते आणि बहुधा भरावेच लागते.

तेव्हा दोन्ही डॉक्टरांना त्या पाच दातांविषयी एकेक करून विचारा : सावली एनॅमलपुरतीच आहे की डेंटिनमध्ये, म्हणजे आतल्या थरात, शिरली आहे? पृष्ठभाग तुटला आहे का? जुना एक्स-रे असेल तर त्यात ती किती होती? दोन वर्षांपूर्वी होती तेवढीच सावली आजही असेल तर कीड थांबलेली आहे, आणि थांबलेली कीड कोरण्यात लाभ नाही. जुन्या फिलिंगच्या कडेला केवळ तपकिरी रेघ दिसते म्हणून ते काढायला सांगितले असेल तर तीही बहुतेक वेळा डागच असते. हा आग्रह मी धरतो, याचे कारण असे की फिलिंग प्रत्येक वेळी बदलताना थोडा चांगला दातही जातो. लहानाचे मोठे फिलिंग, मोठ्याची कॅप आणि कॅपनंतर रूट कॅनाल ही साखळी कित्येकदा अशाच अनावश्यक पहिल्या पावलाने सुरू होते. कडेचा थोडासाच भाग बिघडला असेल तर सर्व काढण्याऐवजी तेवढ्यावर ठिगळ देता येते का, हेही विचारण्यासारखे आहे.

लक्ष ठेवणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे, हे आपल्या दुसऱ्या डॉक्टरांनी समजावून सांगायला हवे होते. त्यात वार्निश लावणे, फट साफ करण्याची पद्धत शिकवणे, जागा नोंदवून ठेवणे आणि ठरलेल्या तारखेला पुन्हा एक्स-रे काढणे हे सगळे येते. धोका जास्त असलेल्यांत हे अंतर सहा महिने ते वर्ष असते. तारीख न देता कोणी नुसते 'बघू' म्हटले तर आपली शंका रास्त आहे.

प्रश्न : वय ६७. हिरड्या खाली गेल्या आहेत. चार दाढांना कॅप आहेत. कॅप बसवल्यावर कीड लागत नाही असा माझा समज होता, पण आता दोन कॅपच्या खाली, हिरडीजवळ, कीड निघाली. रक्तदाबाची, नैराश्याची आणि वारंवार लघवीला जावे लागते त्यासाठीची अशी औषधे चालू आहेत. हे सगळे दंतवैद्यांना सांगण्याची आवश्यकता आहे का?

उत्तर : आवश्यकता आहे, आणि शक्य तर औषधांची पाकिटेच दाखवा. नैराश्यावरील अनेक औषधे आणि मूत्राशय शांत ठेवणारी बरीच औषधे लाळ आटवतात, रक्तदाबावरील काही औषधेही त्यात भर घालतात. तिन्ही एकत्र आल्यावर परिणाम अधिक जाणवतो. कॅप दाताचा वरचा भाग झाकते. तिची कड जिथे संपते तिथून खाली मूळ दात असतो, आणि हिरडी सरकल्यामुळे आपल्या दाताची मुळे आता उघडी पडली आहेत. मुळावर एनॅमल नसते. तिथला पृष्ठभाग पीएच ६ च्या थोडे वर असतानाच विरघळू लागतो, म्हणजे एनॅमलला ज्याने धक्काही लागणार नाही अशा सौम्य आम्लानेही मूळ झिजते. म्हणून तरुणपणी पचलेल्या सवयी या वयात पचत नाहीत.

५००० पीपीएमची पेस्ट आपल्यासारख्यांसाठीच विशेष उपयोगी असते. तिच्याविषयी स्वतःहून विचारा. बोटे आखडत असतील तर जाड मुठीचा किंवा विजेवर चालणारा ब्रश घ्या. काढता-घालता येणारी कवळी असेल तर ती रात्री काढून, घासून ठेवा, कारण तिच्या आकड्यांना टेकलेले दात सर्वांत आधी किडतात. मुळावरची कीड पुष्कळदा दुखत नाही, त्यामुळे ठणका लागण्याची वाट पाहू नका.

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या दुधाच्या दाढांत भरलेले सिमेंट दोन वेळा निघाले आणि शेजारच्या दाढेलाही कीड लागली. ती खुर्चीत बसायला तयार नसते. हे दात पडणारच आहेत, तर सोडून द्यावेत का?

उत्तर : दुधाच्या मागच्या दाढा साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, म्हणजे अजून किमान पाच वर्षांचा प्रश्न आहे, तोवर दुखणे, सूज आणि खाण्याची कुचंबणा कशासाठी? दातांच्या मधल्या बाजूला मोठी कीड असली की दुधाच्या दाढेत नुसते भरलेले टिकत नाही, हा सर्वसाधारण अनुभव आहे. अशा वेळी तयार धातूची टोपी अधिक टिकते, आणि ती न कोरता, भूल न देता बसवण्याची पद्धतही आहे. मूल अजिबात सहकार्य करत नसेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव नुसते लावून कीड पुष्कळदा थांबवता येते. किडलेला भाग त्याने कायमचा काळा पडतो, हे आधी समजून घ्या. घरी ब्रश तिच्या हाती न सोपवता सात-आठ वर्षांची होईपर्यंत आपणच करा, पेस्ट वाटाण्याएवढी घ्या आणि ब्रशनंतर रात्री पाण्याशिवाय काही देऊ नका. गोड औषधी सिरपसुद्धा ब्रशच्या आधी द्यावे.

प्रश्न : मी ३३ वर्षांचा असून रात्रपाळीत काम करतो. जागे राहण्यासाठी गोड थंड पेयाच्या दोन-तीन बाटल्या रात्रभर घोट घोट पितो आणि सकाळी घरी येऊन तसाच झोपतो. दर वर्षी दोन-तीन नवे दात भरावे लागतात. डॉक्टरांनी खाण्यापिण्याविषयी विचारले तेव्हा हे लपवले आणि 'आमच्या घराण्यातच दात कच्चे आहेत' असे सांगितले. वडिलांचे आणि भावाचे दात खरोखरच किडके आहेत. आता खरे सांगायचे तर कसे सांगू?

उत्तर : घराण्याचा मुद्दा अगदीच खोटा नाही, एनॅमलची जडण, लाळ आणि दातांची ठेवण यांत आनुवंशिकतेचा काही वाटा असतो, आणि एनॅमल सदोष घडण्याचे काही दुर्मीळ विकारही आहेत. मात्र असा विकार असता तर तो लहानपणापासून दिसला असता. घराण्यात दातांबरोबर सवयीही वारशाने येतात, हा भाग आपण सोयीस्करपणे गाळला आहे.

पेय सोडणे तूर्त जमत नसेल तर ते रात्रभर न रेंगाळवता जेवणाबरोबर एकदाच संपवा आणि पुढे साधे पाणी प्या. साखर नसलेला प्रकार घेतल्याने जिवाणूंचा खुराक बंद होईल, परंतु त्या पेयाचे स्वतःचे आम्ल एनॅमल झिजवतच राहील. सकाळी झोपण्यापूर्वी ब्रश करा; घड्याळात काहीही वाजले असले तरी आपली रात्र तेव्हाच सुरू होते. शेवटच्या घोटानंतर अर्धा तास मात्र जाऊ द्या, कारण आम्लाने मऊ झालेले एनॅमल लगेच घासले तर अधिक झिजते.

सांगण्याविषयी म्हणाल, तर आपल्या डॉक्टरांना बहुधा अंदाज असेलच. सतत घोट घेणाऱ्यांच्या दातांवर हिरडीलगत उमटणारा किडीचा पट्टा ओळखीचा असतो. 'मागच्या वेळी एक गोष्ट सांगायची राहिली' एवढ्या वाक्याने सुरुवात पुरेशी आहे. त्यानंतर ते आपल्याला, बाटल्या किती याच्याही आधी, एक बाटली संपायला किती वेळ लागतो ते विचारतील.